संध्याकाळचं पाणी

९ जून

दादा,

वरच्या आळीच्या पाळीत यंदा पाटाला एकदाही पाणी आलेलं नाही. पाण्याच्या मापन केंद्रावरच्या बाईंनी काल दुपारी याला दुजोरा दिला.

तू म्हणशील, झाली हिची बातमी सुरू. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते, आणि दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने लिहायला मला आता जमत नाही. रोज सकाळी खोऱ्याच्या रेडिओवर बोलायचं म्हणजे ताजं आधी, जुनं नंतर, आणि कोणी सांगितलं ते लगेच. वहिनी म्हणते, घराला आग लागली तरी ही आधी बंबवाल्यांचं म्हणणं घेईल.

बातमीपत्रात जे वाचलं तेच इथे उतरवते, म्हणजे दुसऱ्यांदा विचार करायला नको. "डोंगरावरचं बर्फ दिवसा उन्हाने वितळतं आणि त्याचं पाणी खाली पोचायला काही तास लागतात. पूर्वी बर्फ जाड होतं, खालपर्यंत उतरलेलं होतं, त्यामुळे पाट दिवसरात्र वाहायचा. आता ते पातळ झालं आहे आणि डोंगराच्या खांद्यामागे सरकलं आहे. सकाळी पाट कोरडा असतो. दिवसभरात वितळलेलं पाणी संध्याकाळी येतं आणि पहाटेच्या आत संपतं."

वाचून खाली ठेवलं तर वरच्या आळीतून फोन. मग दुसरा, मग तिसरा. सगळ्यांनी एकच विचारलं, म्हणजे आमचं काय? बातमीत ते नव्हतं.

पाळ्या तुला ठाऊकच आहेत. सकाळपासून समोरच्या डोंगराची सावली गिरणीच्या भिंतीला टेकेपर्यंत पाणी वरच्या आळीचं; सावली टेकल्यापासून सकाळपर्यंत खालच्या आळीचं. आपल्या पूर्वजांनी सकाळ हौसेने मागून घेतली होती. कंदील घेऊन रात्रभर शेतात कोण जागणार? खालच्यांना 'घुबडं' म्हणून हिणवण्यात आपल्या चार पिढ्या गेल्या. परवा गिरणीपाशी खालच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याने बाबांना विचारलं, "काय पाटकरी, कोंबड्यांनी आरवून पाहिलं का? जोरात आरवलं की येतं म्हणतात पाणी." लोक हसले. बाबाही हसले.

पाटकरी म्हणून ते अजून रोज सकाळी फाट्यावरची फळी बदलतात, म्हणजे कोरडा पाट आपल्या शेतांकडे वळवतात. सावली भिंतीला टेकली की पुन्हा बदलतात आणि खालच्यांकडे वळवतात. त्यानंतर तासाभरात पाणी येतं. आपल्या सगळ्या आळीला त्याचा आवाज ऐकू येतो.

बियाण्याच्या बटाट्याचं यंदा कठीण आहे. रेडिओची खोली आता बियाण्याच्या कोठाराच्या माडीवर आहे. कोठारवाल्याला सगळे टोपी म्हणतात, भर उन्हाळ्यात लोकरी टोपी घालतो म्हणून. तो म्हणाला, वरच्या आळीचं बियाणं आलं नाही तर पुढच्या वर्षी खोऱ्यात कुणालाच बटाटा लावता येणार नाही. खाली लावलेल्या बटाट्याला रोग धरतो, तो बियाण्याला चालत नाही. थंडाव्यातलं निरोगी बियाणं फक्त आपल्याकडचं. तुझ्या शीतगृहात बटाटा कुठून येतो? सहज विचारते.

बाबा ठणठणीत आहेत.

धाकटी

१७ जून

दादा,

खालची आळी एक दिवसाआड संध्याकाळचं पाणी सोडायला तयार आहे. हे वहिनीने सांगितलं, आणि ती आता खालच्यांतर्फे बोलते, म्हणून पक्कं समज.

मंगळवारी बातमीपत्र संपायच्या आतच ती माडीवर आली. पायात चिखलाचे बूट. लाल दिवा विझेपर्यंत दारात उभी राहिली. मग खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "एक दिवस तुम्ही, एक दिवस आम्ही. आमच्या लोकांना पटवायला आठ दिवस घसा फोडलाय. आता नाही म्हणू नका."

मी विचारलं, "तयार कसे झाले?"

"कसे म्हणजे? पुढच्या वर्षी काय दगड लावायचे? बियाणं तुमच्याकडे होतं, पाणी आमच्याकडे आहे. टोपीने हिशेब समजावला तेव्हा आमच्या थोरल्या काकांनी तंबाखू थुंकली आणि म्हणाले, कोंबडी मेली तर अंडं कुठून."

"कोंबडे म्हणतात ना आम्हाला?"

"गरज पडली की कोंबडी म्हणतात."

मला हसू आलं असावं, कारण ती थांबून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बरं वाटलं तुला?" मी म्हटलं, चांगली बातमी आहे. ती म्हणाली, "ते नाही विचारलं मी." मग उठून तिने खिडकी लावून घेतली, धूळ येत होती म्हणून.

अडचण एकच आहे. पाळी बदलायची तर पाटकऱ्याने फळीपाशी उभं राहून दोन्ही आळ्यांसमोर तोंडाने सांगायला हवं. त्याशिवाय सावलीनंतर वरच्या शेतात पाण्याचा थेंब गेला, तर घेणारा चोर, मग खालच्यांनी हातात आणून दिला असला तरी. आणि पाटकऱ्यावाचून कुणी फळीला हात लावायचा नाही. म्हणजे सगळं बाबांवर आलं.

मी घरी येऊन सांगितलं. ते बटाटे सोलत होते. सुरी थांबली नाही. म्हणाले, "पाळी ही पाळायची असते. टाळायची नसते, बदलायची नसते."

"खालचेच देतायत बाबा. आपण मागितलेलं नाही."

"देणारे कोण ते? पाणी त्यांचं आहे का? पाणी पाळीचं आहे."

"बियाणं जळेल."

"जळेल," ते म्हणाले. वाद घालण्याच्या सुरात नाही. मी पाऊस येईल म्हटलं असतं तर "येईल" म्हणाले असते, तसं. मग सोललेले बटाटे त्यांनी पातेल्यात टाकले, पाणी मोजून ओतलं, आणि आधी भांडी घासलेलं पाणी दाराबाहेरच्या रोपाला घातलं. आम्ही जेवलो.

कारण त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत आहे. तुलाही असणार. आज त्यांनी पाळी बदलली, तर त्या उन्हाळ्यात सावलीनंतर तासभर फळी आपल्या बाजूला ठेवणारा माणूस चोर ठरत नाही. तू तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होतास, "सावली वेळेवर येते, पाणी उशिरा येतंय. मग पाळी सावलीची की पाण्याची?" उत्तर देण्याऐवजी त्यांनी तो शब्द वापरला. तुझ्या सासरची सगळी माणसं होती तिथे. बाबा तेव्हा आजच्यापेक्षा मोठ्याने बोलायचे.

मी हे सगळं बातमीसारखं लिहिते आहे, तर तसंच घे.

धाकटी

२५ जून

दादा,

आधी दुरुस्ती. ९ जूनच्या पत्रात बाबा ठणठणीत असल्याचं लिहिलं होतं. ते पुरतं खरं नाही. हिवाळ्यापासून त्यांचा उजवा हात वर जात नाही. फळी ते एकट्याने उचलू शकत नाहीत. सकाळी बातमीपत्राआधी मी बरोबर असते. सावली टेकते तेव्हा मी माडीवर, म्हणून वहिनी येते, त्यांच्या मागे उभी राहते आणि खालून खांदा लावते. हात लावत नाही. फळीला हात फक्त पाटकऱ्याचा. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा अजून दणकट आहे.

ताजी बातमी अशी की आपल्या आळीतल्या आणखी दोन घरांना कुलूप लागलं. शेवटच्या घरातली शिवणकाम करणारी बाई आणि तिचा नवरा, आणि तळ्याकाठचे ते जुळे भाऊ. शिवणवालीने जाताना मशीन आपल्याकडे ठेवलं. म्हणाली, परत आले तर नेईन. मी "कधी" असं विचारलं, ती म्हणाली, "तूच सांग की, रोज सांगतेस रेडिओवर."

वरच्या वाफ्यांतली पानं कडेने तपकिरी झाली आहेत. टोपी परवा फिरून आला. एक झाड उपटून त्याने माझ्या टेबलावर ठेवलं. मुळांना वाटाण्याएवढ्या गाठी. म्हणाला, पंधरवड्यात दोन पाणी मिळाली तर बियाण्यापुरतं हाती येईल, नाहीतर हे असंच. मी ते झाड दिवसभर टेबलावर राहू दिलं. काढायला पाहिजे हे लक्षातच आलं नाही. संध्याकाळी झाडूवाल्याने विचारलं, बाई, हे पाळलंय का?

रविवारी गिरणीच्या अंगणात आपल्या आळीची बैठक झाली. मी आवाज टिपायला यंत्र घेऊन गेले होते. बाबा भिंतीला टेकून बसले होते. लोक बरंच बोलले. त्यातलं बरंचसं मला प्रसारित करता येणार नाही. पोरांच्या तोंडचा घास, म्हाताऱ्याचा हेका, देव समोर आला तरी ह्याला सावलीच दिसेल, असं. तुझा जुना मित्र, तो सुतार, सगळ्यांत शेवटी उठला. म्हणाला, "काका, पाणी भरपूर होतं त्या वर्षांत आपण वर डोंगर खोदून नवे वाफे काढले. डोंगर प्रसन्न झाला म्हणून नाचलो. दूध वाढलं असं वाटलं आपल्याला. गाय कापली जात होती. आमचं चुकलं, तुमचंही चुकू दे की एकदा."

बाबा म्हणाले, "तुझं बोलून झालं?"

"झालं."

"मग सावली बघ. टेकली का?"

टेकली होती. ते उठले, फळीपाशी गेले. अर्धी बैठक शिव्या देत निघून गेली, अर्धी तिथेच बसून राहिली, कारण घरी जाऊन काय करायचं होतं.

वहिनी नेहमीसारखी आली. खांदा लावला, फळी बदलली. मग पहिल्यांदाच ती बोलली. मी चार हातांवर होते आणि यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं, म्हणून शब्द बरोबर आहेत.

"बाबा, बदला म्हणालात तर तो चोर नव्हता असं होतं. एवढंच ना?"

बाबांनी फळीची खाच चाचपून पाहिली. "आणि मी कोण होतो असं होतं?"

"ते मी कसं सांगू? मला तर त्याने बरोबर चल म्हटलं होतं. मी म्हटलं, चोर असशील तर मी येत नाही आणि नसशील तर जातोस कशाला? गेला. मीही तेव्हापासून माहेरीच बसलेय, तोंड धरून. आपण तिघंही सारखेच शहाणे."

खाचेतला गाळ बोटाने काढत बाबा म्हणाले, "एकदा तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही पोरी. पाणी का आहे ते, फळी टाकून अडवायला?"

"परत घेऊ नका. पुढचं बोला."

तेवढ्यात पाणी आलं. आधी पानं आणि काटक्या पुढे ढकलत येतं, मग राखाडी, मग स्वच्छ. आम्ही तिघं ते खालच्या बाजूला वळताना बघत उभे राहिलो.

घरी आल्यावर मी ते टिपलेलं पुन्हा ऐकलं. पाण्याचा आवाज चांगला आला आहे. मला रडू येईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. मी आवाजाची पातळी लिहून ठेवली आणि झोपले.

तू लिही असं मी म्हणत नाही. पत्ता बदलला असेल तर तेवढं कळव.

धाकटी

१ जुलै

दादा,

बाबांनी आज संध्याकाळी खालच्या आळीच्या पाळीतलं पाणी चोरलं. स्वतः त्यांनीच मला हे सांगितलं. दोन्ही आळ्यांतल्या पन्नासेक लोकांनी पाहिलं, त्यामुळे वेगळा दुजोरा लागत नाही.

क्रमाने लिहिते.

सावली टेकली तेव्हा ते नेहमीप्रमाणे फळीपाशी गेले. वहिनीने खांदा लावला, फळी बदलली, पाट खालच्यांकडे वळला. इथवर रोजचंच. एरवी ते लगेच घरी येतात. आज तिथेच गिरणीच्या पायरीवर बसले. आज त्यांनी स्वच्छ सदरा घातला होता हे मी सकाळी पाहिलं होतं, पण त्यात काही असेल असं वाटलं नाही. खालची माणसं फावडी घेऊन आपापल्या शेताच्या तोंडाशी जात होती. आपल्याकडचेही काही रिकामे बसले होते, हल्ली बसतात तसे. मी माडीवरून उतरून तिकडेच चालले होते.

पाणी आलं. ते उठले. पाटात उतरले, गुडघाभर पाण्यात, आणि डाव्या हाताने फळी उचलायला लागले. निघेना. वहिनी धावली. तिला वाटलं ते घसरले. तिने खांदा लावला, आणि फळी वर आल्यावर तिच्या लक्षात आलं की ती कुठल्या बाजूला जाते आहे. तोवर ती खाचेत बसली होती. पाणी आपल्या शेतांकडे वळलं.

मग वहिनी म्हणाली, "बाबा, पाळी कुणाची?"

"तुमची."

"मग हे काय?"

"चोरी," बाबा म्हणाले. "तू खांदा न बघता लावलास. तुझ्यावर काही नाही."

खालचे थोरले काका फावडं टाकून पुढे आले. "पाटकरी, डोकं फिरलंय का? फळी बदला आधी."

"मी आता पाटकरी नाही. चोराने फळीला हात लावायचा नाही."

"मग आम्ही बदलतो."

"पाटकऱ्यावाचून कुणी हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "लावा, मग तुम्हीही माझ्या ओळीत."

काका फळीकडे बघत राहिले. एका हाताच्या अंतरावर होती. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या तरण्या माणसांपैकी एकाने चार शिव्या घातल्या आणि पुढे पाऊल टाकलं, तर काकांनीच त्याचा दंड धरला. म्हणाले, "थांब. ह्या म्हाताऱ्याने स्वतःच्या पोराला सोडलं नाही, तुला सोडेल?" मग कुणीतरी हसलं. नक्की कोण ते सांगता येत नाही. सुतार म्हणतो खालचे हसले, वहिनी म्हणते वरचे.

तर अशी गंमत झाली की ज्याने चोरी केली त्याच्याशिवाय ती थांबवायचा हक्क कुणाला नव्हता, आणि चोरी केल्यामुळे त्यालाही उरला नव्हता. पन्नास माणसं पाटाच्या दोन्ही काठांना उभी राहिली आणि पाणी वर जाताना बघत राहिली. मग आपल्याकडचे एकेक करून फावडी आणायला पळाले. चोरीचं पाणी म्हणून कुणी नाकारलं नाही. सुतार तेवढा जाताना बाबांपाशी थांबला. त्याने बाबांच्या पाठीवरचा चिखल झटकला आणि गेला.

टोपीचं म्हणणं, बाबांनी हे सगळं आधी जुळवलं होतं. मला तसं वाटत नाही. पण मी विचारलेलं नाही.

ते ओल्या पायांनी माझ्यामागून माडीवर आले. जिना चढताना दोनदा थांबले. माझ्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "उद्याच्या बातम्यांत घाल. नाव, काम, नातं. सगळं."

"काय लिहू?"

"पाणीचोर लिही. माझ्या तोंडचा शब्द आहे, दुसरा शोधत बसू नको."

मी लिहून घेतलं. वाचून दाखवलं. मग विचारलं, "कारण काय घालू?"

"कारण घालायचं नाही."

"बाबा, लोकांना कारण माहीत आहे. बियाणं..."

"त्याच्या वेळी कुणी घातलं होतं?" ते म्हणाले.

एवढंच. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही, पण "त्याच्या" असं म्हणाले. तू गेल्यापासून घरात तुझ्यासाठी नाव, सर्वनाम काहीच वापरलं गेलेलं नाही. हे तुला कळवायला हवं असं मला वाटलं.

मी टॉवेल आणून त्यांचे पाय पुसले. खिडकीतून आपल्या शेतांत फावड्यांचे आवाज येत होते. ते ऐकत बसले आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागला.

धाकटी

२ जुलै

दादा,

बातमी सकाळी साडेसातला गेली. तिसऱ्या क्रमांकावर होती. आधी पाण्याची पातळी आणि रस्त्याची दुरुस्ती. नाव, काम, आणि "या निवेदिकेचे वडील" असं. आवाज हलला नाही, असं आमच्या यंत्रवाल्याने सांगितलं. त्याने मला पाण्याचा पेला दिला. मी तो धरून बसले आणि पुढचं वाचलं, हवामान.

कारण घातलं नाही. नंतर फोन आले. यावेळी खालच्या आळीतूनही आले. एका बाईने विचारलं, म्हातारबांनी जेवण केलं का? बाकीच्यांनी काही विचारलं नाही, नुसता फोन केला. थोरल्या काकांनी मात्र एक वाक्य नोंदवून घ्यायला सांगितलं. "त्या उन्हाळ्यात मीही त्या घोळक्यात होतो. पोरगा वेळ चुकला नव्हता, वेळ बदलली होती. हे मला तेव्हाही कळत होतं." उद्याच्या बातमीपत्रात ते वाक्य जाईल. त्यांच्या नावाने, त्यांच्या परवानगीने.

पुढे काय होणार ते लिहून थांबते.

फळी अजून आपल्या बाजूला आहे. रात्रभर पाणी आपल्याकडे आलं. टोपी आज सकाळी वाफे बघून आला, आणि टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, एक पाणी झालं. दुसरं मिळालं तर बियाणं वाचेल. नवा पाटकरी निवडला जाईपर्यंत फळी तशीच राहणार, म्हणून खालच्यांना घाई आहे. आज सावली टेकायच्या आत गिरणीच्या अंगणात दोन्ही आळ्या बसतील. पाटकरी दोघांनाही मान्य हवा. वरचा निवडला तर खालचे उठून जातील, खालचा निवडला तर वरचे. वहिनी ही सून आपली आणि लेक त्यांची. दुसरं कुणाचंही नाव पुढे आलेलं नाही. ती नको नको म्हणते आहे, पण आज सकाळी तिने बूट धुऊन वाळत घातले होते हे मी पाहिलं.

तिची निवड झाली तर ती फळीपाशी उभी राहून एक दिवसाआडची पाळी सांगेल, अशी अपेक्षा आहे. पहिली संध्याकाळ खालच्यांची, कालची भरपाई म्हणून. दुसरी आपली. केंद्रावरच्या बाईंच्या मते ऊन असंच राहिलं तर पाणी दोन्ही दिवस पोचेल. हे संध्याकाळचं पाणीसुद्धा आणखी किती उन्हाळे येईल असं मी त्यांना विचारलं. त्यांनी आकडा सांगितला. मोठा नाही. तो मी बातमीत घातला नाही, लपवला असं नव्हे, वेळ संपली होती. उद्या घालीन.

तुझ्याबद्दल बैठकीत काही ठरणार नाही. तुला बोलावण्याचा अधिकार कुणाकडे आहे हे कुणालाच नीट माहीत नाही. वहिनीला मी सकाळी विचारलं, दादाला काही सांगू का? ती म्हणाली, "पाळीचं सांग. बाकी त्याला यायचं असेल तर रस्ता अजून तोच आहे." रस्त्याची दुरुस्ती शुक्रवारपर्यंत पुरी होईल असं बांधकामवाल्यांनी कळवलं आहे.

बाबा बैठकीला जाणार नाहीत. चोराने फळीच्या आसपास फिरकायचं नाही, हा नियम त्यांचाच. त्यांनी मागच्या दारात खुर्ची टाकून घेतली आहे. पाट तिथून दिसत नाही. मी विचारलं, इथे बसून काय कळणार? ते म्हणाले, पाणी कुणीकडे वळलं ते ऐकू येतं. खाली जाताना एक आवाज करतं, वर येताना दुसरा. उद्या संध्याकाळी दुसरा येईल.

धाकटी